वीतभर पाऊस

आमच्या घरात पाऊस मोजणारी दोन माणसं होती. एक सरकारी, म्हणजे माझे वडील, दादा. आणि एक बिनसरकारी, म्हणजे आई. दादा मंद्रूपला महसुलाच्या कार्यालयात कोतवाल होते. नोटिसा पोचवणं, टपाल आणणं, गावाला निरोप देणं, साहेबांच्या चहाचं बघणं अशी सगळी कामं त्यांच्याकडे होती, पण त्यांना विचारलं तर ते एकच सांगत : पाऊस मोजतो. कार्यालयाच्या आवारात, आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे, तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक उभा होता. यंत्र म्हणायचं एवढंच. वर नरसाळं, त्याखाली बाटली आणि बाटलीभोवती एक डबा. रोज सकाळी साडेआठला दादा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काचेचं माप घेऊन तिकडे जात. बाटलीतलं पाणी मापात ओतत, गुडघे वाकवून डोळा रेघेच्या बरोबरीला आणत, आकडा वहीत लिहीत आणि फोनवरून वर कळवत. वर्षातले बहुतेक दिवस तो आकडा शून्य असे. शून्य लिहायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो, असं आई मुद्दाम मोठ्यानं विचारायची. शून्यबी सरकारी हाय, असं दादांचं उत्तर ठरलेलं होतं.

आईचं मोजमाप वेगळं होतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली यायची. पावसाच्या पाण्यात तीच डाळ तीन शिट्ट्यांत मेणासारखी व्हायची. त्यामुळे आभाळ भरून आलं की आमच्याकडे कपडे आत घेण्याआधी भांडी बाहेर जात. पत्र्याच्या पागोळ्यांखाली बादल्या, घमेली, एक चेपलेली पेटीसुद्धा. ते पाणी धुण्याभांड्याचं. डाळीचं पाणी मात्र थेट आभाळातून आलेलं हवं, म्हणून अंगणाच्या मधोमध, वर काहीही आडवं नसलेल्या जागी, चुलीच्या जुन्या दगडांवर एक मोठं पातेलं ठेवायचं. मग पाऊस सुरू झाला की अंगणात जो आवाज सुरू व्हायचा तो मी आजवर कुठे ऐकलेला नाही. बादलीचा वेगळा, घमेल्याचा वेगळा, पेटीचा ढबढब, आणि पाणी चढत जाईल तसा प्रत्येकाचा आवाज खाली खाली उतरत जाई. आई पोळपाटावरून मान न उचलता सांगायची, निळी बादली भरली बघ. आणि ती भरलेली असायची.

ते पातेलं खरं तर आमचं नव्हतं. ते कौसाआत्याचं, दादांच्या थोरल्या बहिणीचं. जर्मनचं, रुंद, सरळ उभ्या काठाचं, बाहेरून काठाखाली तिचं नाव ठोकलेलं. आत्याची वस्ती सीना नदीच्या काठावर होती आणि बुद्धपौर्णिमेला अख्ख्या वस्तीची खीर याच पातेल्यात शिजायची. एका पौर्णिमेला आम्ही खिरीसकट ते घरी आणलं आणि परत द्यायचं राहून गेलं. आत्या प्रत्येक फोनवर पातेल्याची चौकशी करायची, मग आमची. तिचा आवाज असा होता की दादा फोन कानापासून हातभर लांब धरून बोलत आणि तरीही आम्हां सगळ्यांना सगळं ऐकू येई.

आत्याच्या वस्तीचं एक वेड होतं. तिथली नदी वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू. त्यामुळे पाणी आलं रे आलं की वस्ती कामधाम टाकून काठावर जाऊन बसे. बायका नदीची ओटी भरत. आत्या पूजाअर्चेतली नव्हती, पण मूठभर ज्वारी घेऊन तीही जाई आणि पाण्यात टाकी. पाहुणी आली आहे, रिकाम्या हातानं कसं जायचं, असं तिचं म्हणणं. मग तिथेच भाकरी सुटायच्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, हसणं-खिदळणं, आणि पाणी कितव्या दगडाला लागलं यावर भांडणं. लहानपणी मी ते दोनदा पाहिलं होतं. माणसं पाण्याकडे अशी बघत बसलेली मी पुन्हा कुठे पाहिली नाहीत. पाण्यापासून लांब जायचं असतं, ही गोष्ट आमच्या भागात कुणाला सुचलीच नसती.

आता त्या बाटलीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. पर्जन्यमापकाची मूळ बाटली चांगली मोठी होती. एका कोरड्या वर्षी आईनं ती धुवून करडईच्या तेलासाठी स्वयंपाकघरात घेतली. एवढी थोरली बाटली तिथं उन्हात तापत ठेवून करायची काय, असा तिचा सवाल होता. तिच्या जागी त्यांनी सरबताची एक लहान बाटली बसवली. आमच्याकडच्या पावसाला ती पुरून उरे. बाहेरच्या डब्याला उन्हानं तडा गेला होता, त्याकडेही कुणी लक्ष दिलं नाही. दादा खोटारडे नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. आकडा त्यांनी कधी रेघभरसुद्धा इकडचा तिकडे केला नाही. फक्त आपल्याकडे जास्त पाऊस पडेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ती चूक आमच्या सगळ्या मुलखाचीच होती.

मी तेव्हा अकरावीत होते. भूगोलाला शेख मॅडम होत्या. प्रकल्पासाठी मी दादांच्या जुन्या वह्या नेल्या, तर त्यांनी मला महिनाभर त्या वह्यांवरच बसवलं. कधी किती दिवस पाऊस पडला आणि एकेका दिवसाला किती पडला, ते वेगळं काढायला लावलं. जे निघालं ते पाहून मला मजाच वाटली. पावसाचे दिवस कमी कमी होत चालले होते, आणि ज्या दिवशी पडायचा त्या दिवशीचा आकडा मात्र फुगत चालला होता. मी विचारलं, म्हणजे पाऊस कमी झाला की वाढला? मॅडम म्हणाल्या, "दोन्ही. हवा जितकी तापते तितकी वाफ तिच्यात जास्त मावते. ती भरेपर्यंत तुम्ही वाट बघता, आणि भरली की सगळं एकदम अंगावर ओतते." मग वही मिटताना त्यांनी सहज विचारलं, तुमच्या त्या बाटलीत मावेल ना एवढं? माझ्या डोळ्यांपुढे आईच्या फळीवरची तेलाची बाटली आली. मी मावेल म्हणाले. लाज वाटली म्हणून म्हणाले, दुसरं काही कारण नव्हतं. त्या एका शब्दाचा मला पुढे फार त्रास झाला.

परतीच्या पावसाचे दिवस होते. ज्वारीच्या पेरणीसाठी सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले. त्या रविवारी सकाळी साडेआठचा शून्य लिहून दादा घरी आले आणि चहाचा कप तोंडाला लावतात न लावतात तोच दक्षिणेकडून अंधारून आलं. आई म्हणाली, भांडी. आम्ही धावलो. पहिला तासभर नुसता आनंद होता. पत्र्यावर एवढा आवाज की आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलत होतो आणि खुणा चुकल्या म्हणून हसत होतो. आईनं पातेल्यातलं दोन तांबे पाणी घेऊन डाळ चढवली, तीन शिट्ट्यांत उतरवली आणि झाकण उघडून वासानंच खूश झाली. दादा दारात उभे राहून पावसाकडे, लग्नाची वरात बघावी तसे बघत होते. पेरणी साधली, पेरणी साधली, असं ते दोनदा म्हणाले. मी चिंब भिजून अंगणात नाचले, आणि सोळा वर्षांच्या मुलीनं असं नाचू नये हे सांगायलाही त्या दिवशी कुणी मोकळं नव्हतं.

दुपार झाली तरी तो थांबेना. कमीही होईना. आधी माझ्या कानाला कळलं. अंगणातल्या भांड्यांचे आवाज एकेक करून बंद झाले होते. पागोळ्यांखालची सगळी भरून वाहत होती, आणि आता पाणी पाण्यावर पडल्याचा एकच सपाट आवाज उरला होता. त्यातच दादांचा फोन वाजला. सोलापूरहून विचारत होते, तुमच्याकडे पाऊस आहे म्हणतात, आत्तापर्यंतचा आकडा द्या. दादा इस्त्रीच्या शर्टावर पोतं घेऊन पलीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. लहान बाटली तोंडोतोंड भरली होती; वरचं पाणी डब्यात आणि डब्यातून तड्यावाटे जमिनीत. बाटलीत होतं तेवढंच मोजता येत होतं, आणि तो आकडा कुणाच्याही डोळ्यांत भरणारा नव्हता. दादा खाटेवर बसले आणि म्हणाले, यंत्रात जेवढं, तेवढंच सांगता येतं.

मला त्याच वेळी आत्याची आठवण झाली. सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता. वरच्या अंगाला पाऊस झाल्यामुळे सीनेला पाणी आलं होतं, आणि त्यांच्याकडे मात्र नुसती भुरभुर होती. सगळी वस्ती भाकरी बांधून काठावर चालली होती. तूही यायला हवी होतीस, म्हणाली. आमच्या माळावरचं सगळं पाणी ज्या ओढ्यानं जातं, तो ओढा आत्याच्या वस्तीच्या पाठीमागून वळसा घालून नदीला मिळतो. वस्ती पुढे नदीकडे तोंड करून बसलेली असणार, आणि आमचा हा पाऊस त्यांच्या पाठीमागून यायचा होता. त्यांना हा पाऊस दिसत नव्हता. आणि आमचा सरकारी आकडा म्हणत होता की फारसं काही झालेलं नाही.

मी अंगणात गेले. पातेलं मधोमध तसंच होतं. पाणी काठाला टेकलेलं नव्हतं, पण जवळ आलं होतं. सकाळी ते कोरडं होतं, मीच पुसून ठेवलं होतं. सरळ काठाचं भांडं उघड्यावर ठेवलं तर त्यात जेवढी उंची चढते तेवढाच पाऊस, हे मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी कंपासपेटीतली पट्टी आणून पाण्यात उभी धरली. पट्टी बुडाली. सगळी बुडाली, माझी बोटंही बुडाली. मग मी कोपरापर्यंत हात घालून करंगळी तळाला टेकवली आणि वीत ताणली. अंगठ्याच्या टोकावर पाणी नुकतं मिटत होतं. अर्ध्या दिवसात वीतभर पाऊस. मी तिथूनच ओरडले. दादा बाहेर आले, त्यांनीही बाही वर करून हात घातला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. आई दारातून म्हणाली की डाळीला घेतलेले दोन तांबेही त्यात धरा. दादा म्हणाले, "धरतो. सगळं धरतो."

मग त्यांनी मी बघितलेली सगळ्यांत अवघड गोष्ट केली. सोलापूरला फोन लावून ते उभे राहून बोलले. बाटली मूळची नव्हती, लहान होती, ती भरून सांडली, चूक माझी. घरच्या पातेल्यात वीतभर आहे, हा आकडा कागदावर धरता येणार नाही, पण ओढ्याकाठच्या लोकांना हलवा. पलीकडच्या माणसाला ती थट्टाच वाटली असावी. पातेल्याचा आकडा कुठल्या रकान्यात लिहू, असं त्यानं विचारलं. दादांनी वस्तीच्या पोलीस पाटलांना फोन लावला, तो लागला नाही. आत्याचा लागला. तिच्या मागे हसण्याचे आणि बांगड्यांचे आवाज येत होते. दादांनी सांगितलं, आक्का, ऊठ तिथनं, इकडं लई पाऊस झालाय. ती म्हणाली की झाला तर बरंच झालं, आल्या पाण्याला पाठ दाखवून कुटं जायचं. लई म्हणजे किती, हे दादांना सांगता येईना. मिलिमीटर म्हणाले, तर तिनं ते वाऱ्यावर सोडलं. मी फोन हिसकावून घेतला.

"आत्या, तुजं पातेलं भरलंय."

"पागोळीखाली ठिवलं आसशील."

"न्हाय. मधी हाय, उघड्यावर. डाळीच्या पाण्याला ठिवलंय."

"कुटवर आलंय?"

"पुनवंची खीर जितवर असती, त्याच्या वर."

वर्षानुवर्षं आत्यानं दोन्ही हातांनी ती खीर ढवळली होती; किती माणसांना पुरून उरते, किती जड असते, हे तिच्या दंडांना माहीत होतं. ती खीर सगळ्या माळावर, प्रत्येक वावरात, प्रत्येक छपरावर तेवढ्याच उंचीची पडली आहे, हे तिनं मनाशी पाहिलं असणार. मग तिचा आवाज आला, पण तो मला उद्देशून नव्हता. "उठा गं. भाकरी र्‍हाऊ द्या. शाळेच्या माळावर चला, शेरडं सोडा, म्हातारीला उचला." तेवढं ऐकू आलं आणि फोन तुटला.

त्यानंतर फोन लागेना. तीन शिट्ट्यांत शिजलेली डाळ चुलीशेजारी तशीच राहिली. जेवायचं नाव कुणी काढलं नाही. रस्त्यावरून ओढ्याकडे लाल पाणी धावत होतं आणि ते कुठे चाललं आहे ते मला माहीत होतं. मावेल, असं मी मॅडमना म्हणाले होते, तो शब्द सारखा आठवत होता. शेवटी मी रडत रडत दादांना ते सांगून टाकलं. दादा म्हणाले, "बाटली मी बसीवली. तू तर वीत घातलीस की." मग ते उठले, आईची तेलाची बाटली रिकामी केली, राखेनं घासली, पुन्हा घासली, आणि पावसातच जाऊन यंत्रात ठेवून आले. आईनं तेल कशात काढलं हे मात्र आजतागायत कळलेलं नाही, कारण दोन दिवस प्रत्येक भांड्याला करडईचा वास येत होता.

पाऊस थांबून उन्हं कलली तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. दादांनी कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. त्यावरूनच आईला आणि मला कळलं आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. आत्या शाळेच्या माळावरून बोलत होती. ओढा पाठीमागून असा आला होता की तिच्या दारातला दगडी उंबरा उपसून गेला. घरात कमरेइतकं पाणी होतं. पण माणूस एकही कमी नव्हता. ती एकेकाचं नाव घेऊन सांगत होती, शेरडांचीसुद्धा नावं घेतली, आणि दादा प्रत्येक नावाला व्हय, व्हय म्हणत होते. शेवटी ती म्हणाली की सगळ्यांना भूक लागली आहे, भाकरी तेवढ्या नदीला गेल्या. आई हसायला लागली ती थांबेचना. त्या संध्याकाळी आम्ही डाळ खाल्ली, गार झालेली, आणि तशी डाळ मी पुन्हा खाल्ली नाही.

रस्ता खुला झाल्यावर आम्ही ट्रॅक्टरमधून पातेलं घेऊन वस्तीवर गेलो. शाळेच्या माळावर आईनं त्यात सगळ्यांसाठी वरण केलं, आत्यानं ढवळलं, आणि भिजलेली अंथरुणं दगडांवर वाळत असताना माणसं दोन दोनदा वाढून घेऊन जेवली. दादांच्या वहीत त्या दिवसाचा रकाना रिकामाच राहिला. शेऱ्यात त्यांनी लिहिलं : बाटली भरून सांडली, चूक माझी. साहेबांनी त्यांना बोल लावला, तो त्यांनी मान खाली घालून ऐकला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी नवीन यंत्र आलं. पुढच्या बाजारच्या दिवशी आत्या मंद्रूपला आली ती थेट भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे गेली. मला हात पातेल्यात घालायला लावून तिनं माझ्या अंगठ्याच्या टोकापासून, डाळीचे दोन तांबे धरून, बोटभर वर, आतल्या बाजूनं एक आडवी रेघ ठोकून घेतली. त्या माणसानं विचारलं, रेघेवर नाव कुणाचं घालू? आत्या म्हणाली, पावसाचं कशाला नाव, नुसती रेघ बास.

ते पातेलं माझ्या लग्नात माझ्याबरोबर आलं आणि आता सोलापुरात माझ्या गच्चीवर, वर काही आडवं नसलेल्या जागी आहे. इथलं पाणीही नाल्यांनी सीनेलाच, वस्तीच्या वरच्या अंगाला, मिळतं. मंद्रूपचं यंत्र आता आपलं आपण मोजतं आणि आपलं आपण कळवतं. त्याला इस्त्री लागत नाही. दादा नाहीत, आत्या नाही. निम्मी वस्ती वर माळावर सरकली, निम्मी अजून हट्टानं खालीच आहे. पाणी आलं की ती माणसं अजूनही भाकरी घेऊन काठावर बसतात, फक्त आता दोन बायका मुद्दाम ओढ्याकडे तोंड करून बसवलेल्या असतात, आणि त्यांना चटणी आधी वाढतात. मला त्या रिवाजाचा फार अभिमान आहे. रेघ आजवर तीनदा बुडाली. वीत आता पुरत नाही, हे मी हात घालून बघितलं आहे, आणि प्रत्येक वेळी मला भीती वाटली आहे.

गेल्या आठवड्यातही परतीच्या पावसानं दुपारी गच्चीवर आवाज धरला. मला हल्ली गुडघ्यांमुळे जिना पटकन चढवत नाही, पण आवाज खाली खाली उतरत जातो तो जिन्यातूनही ऐकू येतो. वर जाऊन पाहिलं तर पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं आणि चढत होतं. मी पदरानं हात पुसून वस्तीवर फोन लावला. आत्याच्या नातीनं, पल्लवीनं, उचलला. मागे हसण्याचे आणि बांगड्यांचे आवाज येत होते. ती कोण बोलतंय हे विचारत नाही, माझी तब्येत विचारत नाही. तिनं एवढंच विचारलं, "कुटवर?"